वर पांढरा, खाली चंदेरी

वर्धा शहराच्या कडेनं वाढत गेलेल्या वस्त्यांमध्ये मे महिन्यात भर दुपारी फेरफटका मारला, तर माणसं घराबाहेर बसलेली दिसतात. कुणी कडुनिंबाखाली बाज टाकलेली, कुणी देवळाच्या सभामंडपात आडवं झालेलं, कुणी शेजाऱ्याच्या स्लॅबच्या घराच्या ओट्यावर टेकलेलं. सावलीतला पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, तरी घरापेक्षा बाहेर बरं वाटतं, कारण घरावर पत्रा आहे. शेजारच्या नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. वर्धा त्याच पंक्तीतलं गाव. अशा दुपारी पत्र्याखाली ज्यांची कामं चालतात, त्यांचे रोजचे चार-पाच तास बुडतात.

पत्रा विदर्भात कुणी हौसेनं आणलेला नाही. पूर्वी घरावर कवेलू असायचे. सेवाग्रामची बापूकुटी उभी राहिली ती माती, बांबू आणि कवेलू यांवरच, आणि मे महिन्यातही तिच्या ओसरीत बसवतं. पण कवेलू दरवर्षी पावसाळ्याआधी फेरावे लागतात. फेरणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि फेरून झाल्यावर माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पत्रा एका दिवसात चढतो आणि वर्षानुवर्षं गळत नाही. त्याची किंमत उन्हाळ्यात चुकवावी लागते.

वीज मंडळातून निवृत्त झालेले एक लाइनमन अशाच एका वस्तीत राहतात. खांबावर चढायचं वय गेलं, पण लोक त्यांना अजूनही लाइनमनकाकाच म्हणतात. काकू ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे गणवेशाचं काम अंगावर येतं ते मे-जूनमध्ये, आणि नेमकं त्याच दिवसांत दुपारी बारा ते पाच मशीन बंद ठेवावी लागायची. काकांनी पत्र्यावर कापसाच्या पऱ्हाट्या टाकून पाहिल्या होत्या, हिरवी जाळी ताणली होती, ओली पोती अंथरली होती. पऱ्हाट्या वाऱ्यानं उडतात, जाळी दोन उन्हाळ्यांत विरते आणि पोती ओली ठेवण्याइतकं पाणी मे महिन्यात नसतंच. थर्माकोलचं छत करावं, तर त्यात उंदीर घर करतात आणि चुलीची एखादी ठिणगी महागात पडते.

भाचा बुटीबोरीच्या एमआयडीसीत शेड उभारणीची कामं करतो. गोदामाच्या पत्र्याखाली लावून उरलेला चंदेरी शीटचा एक रोल त्यानं मामाच्या घरी आणून टाकला. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि मध्ये हवेचे बुडबुडे असलेलं प्लॅस्टिक, जाडी जेमतेम चार मिलिमीटर. बाजारात तिला बबल शीट म्हणतात, फॉइल शीट म्हणतात. वस्तीत तिचं नाव पडलं पन्नी.

"पन्नीनं का होते जी काका?" हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आला, आणि तो रास्त होता. वीतभर जाड मातीची भिंत उन्हाला अडवते हे डोळ्यांना पटतं. चार मिलिमीटरची पन्नी काय अडवणार?

त्यावर काकांनी भाषण दिलं नाही. काकूंची इस्त्री तापवून टेबलावर उभी केली आणि विचारणाऱ्याला तिच्यासमोर वीतभर अंतरावर तळहात धरायला सांगितला. धग लागत होती. मग पोळ्या गुंडाळायच्या साध्या फॉइलचा तुकडा, इस्त्रीलाही लागणार नाही आणि हातालाही लागणार नाही असा, मध्ये सरकवला. धग त्याच क्षणी थांबली. पुढे तोच तुकडा इस्त्रीच्या तळाला चिकटवला आणि म्हणाले, आता मागून बोट लाव. बोट कुणाला ठेवता येत नव्हतं. फॉइलचं सगळं शास्त्र या दोन कृतींत येतं. ती धग परतवते, पण तिच्या निदान एका बाजूला मोकळी हवा असली तरच. दोन्हीकडून काही चिकटलं की ती नुसता धातू होते, आणि ॲल्युमिनियम तर उष्णता वाहून नेण्यात लोखंडाच्याही पुढे.

काकांची नात बी.एस्सी.ला आहे. तिनं हे वहीत मांडलं. तापलेला पत्रा आपली उष्णता खाली मुख्यतः अदृश्य किरणांच्या रूपानं फेकतो. योझेफ स्टेफान या शास्त्रज्ञानं १८७९ साली निरीक्षणांवरून नियम सांगितला आणि लुडविग बोल्ट्झमन यानं १८८४ साली तो सिद्ध करून दाखवला: वस्तू किती किरण फेकणार, हे तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. जुना, मळलेला पत्रा मेच्या दुपारी सहज ६५ अंशांपर्यंत जातो. खोलीतली जमीन, भिंती, माणसं ३८ अंशांवर आहेत असं धरलं, तर छपरातून खाली दर चौरस मीटरला साधारण १७० वॉट एवढी धग येते. दहा बाय बाराच्या खोलीवर हिशेब केला, तर तो जवळपास दोन किलोवॉट भरतो, म्हणजे डोक्यावर दोन हजार वॉटचं हीटर उलटं टांगून काकू खाली शिवत बसल्या होत्या. रंगवलेला किंवा गंजलेला पृष्ठभाग अशी धग नव्वद टक्क्यांच्या आसपास क्षमतेनं बाहेर फेकतो, तर स्वच्छ ॲल्युमिनियम अवघ्या तीन ते पाच टक्के. मध्ये फॉइल आली की किरणांनी येणारे १७० वॉट दहावर येतात. हवेतून येणारी उष्णता वेगळी, ती राहतेच.

इथून पुढे काकांचं काम सुरू झालं. आधी स्वतःच्या घरात, नंतर वस्तीत ज्यानं बोलावलं त्याच्याकडे. मजुरी घेत नाहीत. चहा घेतात आणि शिडी ज्याची त्यानं धरायची, अशी अट घालतात.

पहिला धडा दुकानातच मिळतो. चमकणारी प्रत्येक शीट फॉइलची नसते. काहींवर ॲल्युमिनियमच्या पत्रीऐवजी त्याची नुसती वाफ बसवलेलं प्लॅस्टिक असतं, आणि ते प्लॅस्टिकच वरच्या बाजूला येतं. डोळ्यांना दोन्ही सारख्याच चमकतात. धगीच्या किरणांना मात्र आधी प्लॅस्टिक भेटतं, आणि प्लॅस्टिक धग शोषतं आणि फेकतंही. काका शीट विकत घेताना ती गालाजवळ धरून पाहतात, गालाला न लावता. अस्सल फॉइल असेल, तर चेहऱ्याची स्वतःचीच ऊब परत आलेली क्षणात कळते. दुकानदार हसतात, पण तुकडा काढून देतात.

दुसरी गोष्ट बसवण्याची. लोकांना वाटतं, शीट पत्र्याला आतून चिकटवून टाकली की झालं. खालची बाजू मोकळी असल्यामुळे तेवढ्यानंही फरक पडतो, पण वरच्या बाजूची फॉइल फुकट जाते आणि पत्र्याच्या अंगाला लागलेलं प्लॅस्टिक रोज ६५ अंशांत शिजत राहतं. त्यापेक्षा पत्रा आणि शीट यांच्यात दोन-तीन इंचांची पोकळी ठेवावी. पत्रे ज्या आडव्या चौकोनी पाइपांवर बसवलेले असतात, त्या पाइपांच्या खालच्या बाजूनं दीड-दीड फुटावर नायलॉनची दोरी ताणायची आणि तिच्या आधारानं शीट सरकवत न्यायची. पोकळी आपोआप मिळते. उन्हाळ्यात छपराखाली गरम हवा वर आणि तिच्यापेक्षा थंड हवा खाली अशी रचना असते. गरम हवा खाली उतरत नाही, म्हणून पोकळीतली हवा स्वतःच एक रोधक थर होते. छपराच्या माथ्याशी आणि वळचणीशी शीट चार बोटं मोकळी ठेवली, की पोकळीत साठलेली गरम हवा माथ्याकडून निघूनही जाते.

शीट चार फूट रुंद येते. एका पट्टीवर दुसरी तीन इंच चढवायची आणि जोडावर ॲल्युमिनियमची टेप मारायची. टेप मारण्याआधी फडक्यानं धूळ पुसली नाही, तर पहिल्याच उन्हाळ्यात ती केळीच्या सालीसारखी सुटते. कडेला खिळे ठोकण्यापेक्षा लाकडी पट्टी दाबून बसवलेली बरी, कारण खिळ्याभोवती शीट हळूहळू फाटत जाते.

वस्तीतला एक तरुण शिडी धरून उभा असताना वर बघून म्हणाला, "काका, चमकती बाजू खाली काऊन करून राह्यले? ऊन तं वरून येते." त्या वेळी हातात एकाच बाजूला फॉइल असलेली स्वस्त शीट होती. काका वरूनच म्हणाले, "ऊन पत्र्यावरच थांबते बाप्पा. खाली येते ते पत्र्याची धग."

उत्तर अर्धंच होतं; उरलेलं धुळीत आहे. वर तोंड करून ठेवलेल्या फॉइलवर दोन-तीन वर्षांत धुळीचा थर बसतो, आणि धूळ बसलेली फॉइल धगीच्या दृष्टीनं फॉइल राहत नाही. खाली तोंड केलेल्या बाजूवर धूळ बसत नाही. ती बाजू किरण परतवण्याऐवजी किरण फेकायलाच नकार देते. स्वतः तापली, तरी खोलीकडे तिच्यातून फारसं काही उतरत नाही. हिशेब दोन्हीकडून सारखाच येतो. म्हणून एकच बाजू चमकती असेल, तर ती खाली असावी. आणि स्वयंपाकघरातल्या फॉइलची कमी चमकणारी बाजू कमी कामाची, हाही समज चुकीचा आहे. शेवटच्या लाटणीत दोन पत्र्या एकत्र लाटतात, म्हणून आतली बाजू मंद दिसते. धगीला दोन्ही बाजू जवळपास सारख्याच.

आता लाइनमनच्या खास विषयाकडे. कुठल्याही घरात काका आधी शीट उघडत नाहीत, आधी वायरी बघतात. पत्र्याच्या घरांत वायरिंग बहुतेक वेळा छपराच्या पाइपांना बांधून नेलेलं असतं. वर्षानुवर्षं तापून वायरचं प्लॅस्टिक कडक होतं, वाकवलं की तडकतं. तिथून आता आपण वीज वाहणारा धातूचा अख्खा पडदा नेणार. एक तडकलेली वायर, एक खिळा किंवा तारेचा एक तुकडा पडद्याला लागला, तर पूर्ण छतात करंट उतरतो, आणि हात वर केलेल्या माणसाला तो सापडतो.

ही नुसती भीती घालायची गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियात २००९ साली सरकारनं घराघरांत छताखाली रोधक बसवण्याची मोठी योजना काढली. दहा लाखांहून अधिक घरांत काम झालं, पण घाईनं, आणि पुरेसं शिक्षण न मिळालेल्या पोरांकडून. त्यात चार तरुण कामगार मेले. तिघांना विजेचा धक्का बसला, चौथा उष्माघातानं गेला. विजेच्या बळींपैकी दोन ठिकाणी फॉइल धातूच्या स्टेपलनं ठोकली जात होती आणि स्टेपल आतल्या चालू वायरीत घुसली होती. आधी धातूच्या स्टेपलवर बंदी आली, मग फॉइलचं काम थांबलं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये योजनाच गुंडाळली गेली. पुढे चौकशीसाठी रॉयल कमिशन बसलं, त्याचा अहवाल २०१४ साली आला. नातीनं हे वाचून दाखवलं, तेव्हा काका बराच वेळ काही बोलले नाहीत. लाइनवर काम केलेल्या माणसाला अशी बातमी वेगळी ऐकू येते.

काकांच्या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी छपरातलं वायरिंग उतरवून भिंतीवर पाइपातून घ्यायचं. गळती पकडणारा तीस मिलीॲम्पिअरचा ब्रेकर नसेल, तर आधी तो बसवायचा. छपराच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग आहे का ते बघायचं. काम चालू असताना मेन स्विच बंद, फ्यूजची ग्रिप काढून स्वतःच्या खिशात. खांबावरची ही सवय त्यांनी घरातही सोडलेली नाही. घरातलं कुणी "पंखा तरी चालू ठेवा" म्हणालं, तर काका शिडीवरून उतरून बाहेर बसतात. आणि काम फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी दहाच्या आत. मेच्या दुपारी पत्र्याखाली शिडीवर चढून डोकं छपराला लावणं हे उष्माघाताला निमंत्रण आहे.

फरक किती पडला, हे मोजायला नातीनं दोन साधनं वापरली. पहिलं काकांचंच, जोड तापलाय का हे दुरून बघायला वायरमन वापरतात ते इन्फ्रारेड मीटर. पत्र्यावर रोखलं, तर बासष्ट-त्रेसष्ट दाखवायचं. फॉइलवर रोखलं, तर जमिनीइतकाच आकडा. शेजारी म्हणाले, पहा, शीट किती गार. नातीला तो आकडा पटला नाही. असं मीटर समोरून येणारे किरण मोजून तापमान सांगतं, आणि फॉइल स्वतःचे किरण फारसे सोडतच नाही. तिच्याकडून आलेले किरण खालच्या जमिनीचेच असतात, आरशात दिसल्यासारखे. फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरला, तेव्हा खरा आकडा आला. शीट चांगलीच तापलेली होती. फक्त तिची धग खाली येत नव्हती.

दुसरं साधन टेबल-टेनिसच्या चेंडूचं. चेंडू काळा रंगवायचा, भोक पाडून त्यात तापमापकाचा फुगा सरकवायचा आणि डोक्याच्या उंचीवर टांगायचा. हवेबरोबरच आजूबाजूच्या पृष्ठभागांची धगही तो टिपतो, म्हणजे माणसाचं अंग जे टिपतं तेच. साधा तापमापक आणि काळा चेंडू शेजारी टांगले, की पत्र्याच्या खोलीचं गुपित कळतं. हवेत फरक फारसा नव्हता. शीट लावल्यानंतर साधा तापमापक दोन-तीन अंश उतरला एवढंच. काळा चेंडू मात्र आधी साध्या तापमापकाच्या खूप वर असायचा, तो त्याच्या जवळ येऊन थांबला. डोक्यात चढणारी धग गेली, असं काकू सांगतात ते याच फरकाबद्दल.

म्हणजे खोली थंड झाली का? नाही. बाहेर ४४ अंश असताना दारं-खिडक्या उघड्या असलेल्या घरात हवाही त्याच्या आसपासच राहणार. फॉइल पंखा नव्हे, कूलरही नव्हे. पण पूर्वी कूलर लावूनही डोकं तापायचं, आता वाळ्याच्या ताट्यांमधून आलेल्या गार हवेचा उपयोग होतो. मे महिन्यात काकूंची मशीन आता दुपारीही चालते. जून लागला आणि हवेत ओल आली की कूलर निकामी होतो, तेव्हा पुन्हा घामाच्या धारा. त्यावर फॉइलकडे इलाज नाही.

शेजारच्या एका मुलानं विचारलं, मग शीट पत्र्याच्या वरूनच का नाही टाकायची? ऊन पत्र्यापर्यंत पोचलंच नाही तर? प्रश्न हुशारीचा आहे आणि त्याचं उत्तर भल्याभल्यांना चकवतं. फॉइल ऊन चांगलं परतवते, पण जे थोडं शोषते ते किरणांनी बाहेर फेकू शकत नाही, म्हणून उन्हात वारा नसेल तर ती तापत जाते. पांढरा रंग बरंचसं ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णता आकाशाकडे भरपूर फेकूनही देतो. शिवाय वर टाकलेल्या शीटचं प्लॅस्टिक उन्हानं कुजतं, वावटळ तिला उचलते आणि समोरच्या घरात चकाकी जाते. म्हणून पत्र्याच्या वर पांढरा रंग आणि पत्र्याखाली पोकळी सोडून फॉइल, अशी जोडी हवी. दोन्ही करायला पैसे नसतील, तर आधी रंग, कारण तो स्वस्त आहे आणि त्यासाठी वायरिंगला हात लावावा लागत नाही. रंगासाठी पावसात टिकणारा पांढरा ॲक्रिलिक घ्यावा. नुसता चुना पहिल्या पावसात पत्र्यावरून वाहून जातो. तेलंगण सरकारनं २०२३ साली 'कूल रूफ' धोरण आणलं ते याच पांढऱ्या छपरांच्या भरवशावर.

उन्हाला वरूनच अडवल्याचं एक नामी उदाहरण मात्र आहे, आणि ते काकांच्या पिढीच्या ओळखीच्या नावाचं. १९७९ च्या जुलैत "स्कायलॅब पडणार" म्हणून गावोगावी घबराट झाली होती, तीच ही स्कायलॅब. १४ मे १९७३ रोजी ती आकाशात गेली, तेव्हा उड्डाणातच तिचं बाहेरचं कवच उखडलं, आणि उन्हात उघडं पडलेलं यान आतून पन्नास अंशांच्या वर तापलं. अमेरिकी तंत्रज्ञांनी काही दिवसांत नायलॉन आणि ॲल्युमिनियमचा थर दिलेलं पातळ प्लॅस्टिक वापरून एक छत्री शिवली. महिन्याच्या अखेरीस गेलेल्या अंतराळवीरांनी ती आतूनच एका झरोक्यातून बाहेर ढकलून उघडली. आतलं तापमान उतरलं आणि मोहीम वाचली. छत्री यानाला चिकटलेली नव्हती, अंतर राखून होती.

छप्पर झालं की रोलचे तुकडे उरतात, आणि मग प्रत्येकाला त्यांचं काहीतरी करावंसं वाटतं. पश्चिमेच्या खिडकीसाठी शीट चौकटीवर ताणून बाहेरच्या बाजूनं, काचेपासून चार बोटं सोडून लावली, तर संध्याकाळची तिरीप थांबते. आतून काचेला चिकटवली तरी थोडा उपयोग होतो, पण काच तापते आणि कधी तडकतेही. गच्चीवरच्या काळ्या टाकीला गुंडाळून फायदा आहे, तरी तिच्यावर सावली करणं त्याहून चांगलं. गोठ्याच्या पत्र्याखाली शीट उत्तम काम करते. उन्हानं धापा टाकणारी गाय दूध कमी देते, हे गवळ्याला सांगावं लागत नाही. फक्त गोठ्यात शीट शिंगांच्या वर हवी. पुठ्ठ्यावर फॉइल चिकटवून सौर चुलीचा आरसाही होतो.

काय करू नये, याची यादीही तितकीच महत्त्वाची. एका घरी गवंड्यानं फरशीखाली, ओल्या सिमेंटमध्ये फॉइल घालायचं सुचवलं होतं. सिमेंटमधल्या क्षारानं ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि दोन्हीकडून दाबलेली फॉइल तशीही निरुपयोगी. भाताचं पातेलं गरम ठेवायच्या टोपलीत गोधडीच्या घड्यांमध्ये दाबून बसवलेली फॉइलही काही करत नाही. तिथं काम गोधडीतल्या हवेचं असतं. चुलीजवळ, देवघरातल्या समईच्या वर, तापणाऱ्या दिव्यांशेजारी बबल शीट लावूच नये. ॲल्युमिनियम जळत नाही, पण आतलं प्लॅस्टिक पेट घेतं आणि वितळून ठिबकतं.

स्लॅबच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी अपेक्षा बेतानं ठेवावी. जाड काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री सोडतं. छताला आतून शीट लावली, तर रात्रीची धग कमी होते, पण तिथं खरा उपाय स्लॅबच्या वरचा, म्हणजे सावली किंवा पांढरा थर.

शीट लावून झाल्यावर तिच्याकडे वर्षातून एकदा तरी बघावं लागतं. उंदरांना बुडबुडे कुरतडायला आवडतात. पत्र्याचे बोल्ट गळत असतील, तर पाणी शीटवर साठून पोटासारखी फुगी येते आणि गळती कुठे आहे ते कळत नाही. म्हणून शीट चढवण्याआधी जुने वॉशर बदलून घ्यावेत. थंडीच्या पहाटे पत्रा आतून घामेजतो, विशेषतः चुलीवर पाणी उकळत असेल तेव्हा. शीट असली की तो घाम बिछान्यावर न पडता उतारानं वळचणीकडे जातो, पण वळचण मोकळी ठेवली असेल तरच. वस्तीतल्या पोरांची एक तक्रार खरी आहे: आधीच पत्र्यानं अडवलेली मोबाइलची रेंज आणखी थोडी कमी होते.

केंद्र सरकारच्या 'इको-निवास संहिता २०१८' मध्ये घराच्या छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा आहे: दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे १.२ वॉट. उघड्या पत्र्याचा आकडा त्याच्या चौपट-पाचपट येतो. संहिता मोठ्या निवासी इमारतींसाठी आहे. काकूंसारख्यांच्या घरापर्यंत ती पोचत नाही. तिथं पोचतो तो शेजारी, शिडी आणि बाजारात मिळणारा रोल.

म्हणून पत्र्याखाली राहणाऱ्यांनी हे काम जरूर करावं, आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट न पाहता थंडी संपता संपता करावं. मात्र रोल घरात येण्याआधी वायरमन घरात यायला हवा. छपरातली एकेक वायर भिंतीवर उतरल्याशिवाय, गळतीचा ब्रेकर बसल्याशिवाय आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय फॉइलचा तुकडाही वर नेऊ नका.